रूटचा पासवर्ड न देणाऱ्या मॅडम

चष्मा कपाळावर सरकवायचा, खुर्ची आपल्याकडे वळवायची आणि शांतपणे म्हणायचं, “चावी मागू नका हो. काम सांगा.” आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या मॅडमची ही रीत. मूळच्या साताऱ्याच्या. आवाज कधी चढला नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. बेलापूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं तयार व्हायची. सगळा कारभार लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या एका मशीनवर. त्यात ‘रूट’ नावाचा सर्वाधिकारी असतो. त्याचा पासवर्ड ज्याच्या हाती, तो काहीही करू शकतो, काहीही पुसू शकतो. आमच्याकडे तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला होता! कारण प्रिंटर सारखा अडायचा आणि तो सुरू करायला रूटच लागायचा.

मॅडम रुजू झाल्या, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी घोटाळा केला. डिस्क भरली म्हणून रूट होऊन जुन्या फायली पुसायला गेलो आणि चालू आठवड्याची सगळी कागदपत्रं उडवली. नोकरी लागून जेमतेम चार महिने झाले होते.

मॅडमनी आदल्या दिवशी सगळ्याची नक्कल उतरवून ठेवलेली टेप लावली. त्यात नसलेलं सगळं माझ्या शेजारी बसून पुन्हा टाइप करू लागल्या. तेवढ्यात साहेब तणतणत आले. “कुणी केलं हे?”

मी उठणार, तोच मॅडम म्हणाल्या, “माझ्यामुळं झालं, साहेब. ती चिठ्ठी मी पहिल्याच दिवशी फाडायला पाहिजे होती.”

तुम्ही ऑफिसं पाहिली असतील. असं बोलणारं माणूस किती वेळा भेटतं?

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी गेली, पासवर्ड बदलला. मग मॅडम वही घेऊन एकेकाशेजारी दिवसदिवस बसल्या. कुणाला खरोखर काय लागतं ते पाहिलं आणि तेवढंच मशीनमधल्या यादीत त्याच्या नावापुढं लिहिलं. माझ्या नावापुढं एकच गोष्ट होती: प्रिंटर पुन्हा सुरू करणं. आधी ‘सुडो’ लिहायचं, म्हणजे तेवढ्या एका कामापुरता रूटचा अधिकार मिळायचा, मग तो हुकूम, मग स्वतःचा पासवर्ड. कुणी केव्हा काय केलं, याची नोंद आपोआप व्हायची.

साहेबांना हे पटेना. “मी मालक आहे या ऑफिसचा!”

“म्हणूनच म्हणते. चावी नको, काम सांगा.”

साहेबांनी शेवटी काम सांगितलं. त्यांना फक्त रोजचा अहवाल हवा होता. तेवढा त्यांना मिळाला.

स्वतः मॅडमही रूट होऊन बसत नसत. प्रत्येक वेळी सुडो लिहून आपलाच पासवर्ड टाकत. मी विचारलं तर हसल्या. “माझ्या हातांचा तरी काय भरवसा?”

एकदा आई आजारी म्हणून त्या गावी गेल्या आणि नेमका त्याच दिवशी प्रिंटर अडला. कंटेनर बंदराच्या गेटवर उभा, जहाज पकडायला दोन तास. गाडी तिथंच सोडून कागद न्यायला आलेला तळवली गावचा ड्रायव्हर काउंटरवर ओरडत होता, “गाडी गेटवर हाय न कागद नाय! मी काय दाखवू?” साहेब पुन्हापुन्हा फोन फिरवत होते. मॅडमचा फोन लागेना. मी पुढं झालो, हुकूम लिहिला, माझा पासवर्ड टाकला. क्षणभर काहीच नाही. मग प्रिंटर खरखरला. कागद घेऊन ड्रायव्हर धावला. याच मशीनवर मी एकदा आठवड्याची कागदपत्रं उडवली होती. त्या दिवशी मला लागणारं तेवढंच माझ्या हाती होतं.

आईसाठी मॅडमनी पुढच्या वर्षी नोकरी सोडली. शेवटच्या दुपारी त्यांनी आपल्या जागी आलेल्या नव्या माणसाचं नाव यादीत घातलं, त्याला रूटचा नवा पासवर्ड टाकायला लावला आणि तेवढा वेळ खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मग यादीतलं स्वतःचं नाव स्वतःच पुसलं. खात्री करायला एकदा सुडो लिहून पाहिलं. मशीननं नकार दिला: तुमचं नाव यादीत नाही, या प्रकाराची तक्रार केली जाईल.

“आता बरोबर आहे,” म्हणत त्यांनी पर्स उचलली, सगळ्यांना नमस्कार केला आणि जिना उतरल्या.

थोड्या वेळानं नव्या माणसानं मेल उघडलं. मशीनची पहिलीच तक्रार आली होती. परवानगी नसताना प्रयत्न करणाऱ्याच्या जागी मॅडमचं नाव होतं.