दाबलेला खोकला

"काका, टीबी नाही. ब्रॉन्किएक्टेसिस आहे," सीटी स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या सैल, रुंद झालेल्या. त्यांत बेडका साचतो आणि जंतू घर करतात. माझ्या डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग तसा झाला होता.

टीबी नाही म्हटल्यावर मी टेबलावर हातच आपटला. धाकटा भाऊ दिनकर यानं साऱ्या शहागंज बाजारात मला टीबी झाल्याचं पसरवलं होतं. गिऱ्हाईक लांब उभं राहू लागलं होतं. "दादा, आता गादी सोड, घरी बस," असं तो चारचौघांत म्हणाला. मी रस्त्यावर गोणपाट टाकून उभं केलेलं दुकान!

दुकान सुक्या मिरचीचं. आमच्याकडं भाव ठरवताना घेणारा आणि विकणारा दोघं पोत्याजवळ बसून मिरची मोडून हुंगतात. आधी खोकला तो कच्चा, भाव दुसऱ्याचा. मी कधीच खोकलो नाही. दुष्काळात शहरभर टँकर धावत होते, नव्या इमारतींची धूळ उडत होती, छाती भरून यायची. तरी खोकला गिळून टाकायचो.

हे सांगितलं तर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "श्वासनळीचं ओलं अस्तर स्वतःच जंतू मारतं. त्यात पेप्टाइड असतात, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे. ते जंतूंचं कवच फोडतात. पण बेडका साचला की त्यांचं बळ चालत नाही. खोकला दाबून तुम्ही आपल्याच राखणदारांचे हात बांधलेत."

औषधांनी फरक पडला नाही तर लोबेक्टॉमी, म्हणजे तेवढा भाग कापून काढायचा. मी म्हणालो, "तीन महिने द्या."

"एक."

दोनावर सौदा पटला.

गोळ्या, मिठाच्या पाण्याची वाफ, भरपूर पाणी. रोज सकाळी कमरेखाली उशी घेऊन डोकं खाली करून कुशीवर पडायचं आणि बायको कमल पाठ थोपटणार. सवय जाता जाईना. ती ओरडायची, "अहो, खोका की! इथं कोण भाव करायला बसलंय?"

दवाखान्याच्या बाकावर मी पाहतो, सगळे पदरात, रुमालात खोकला गिळतात. बाबांनो, रुमाल धरा, पण खोका. आत राबणारी फौज तुमचीच आहे. माझ्या फौजेनं इतकी वर्षं मिरचीची धूळ खाऊन मला जगवलं, याचा मला अभिमान आहे.

दोन महिन्यांनी हिरवा बेडका पांढरा झाला. बाई म्हणाल्या, "ऑपरेशन आत्ता नको. पण हे जन्मभर करायचं, आणि मिरचीजवळ बसायचं नाही."

मिरची सोडली, गादी नाही. आता गूळ विकतो.

कमलचे आणि बाईंचे उपकार फिटणार नाहीत. दिनकरला मात्र माफ केलेलं नाही. परवा भर बाजारात त्याला सगळं सुनावलं. एका दमात, मध्ये कुठंही न थांबता. खाली बसावं लागलं ते त्याला.