दूध नासवणारी नणंद

माझ्या नणंदेनं परभणी जिल्ह्यात जेवढं दूध नासवलं, तेवढं जिल्ह्यातल्या सगळ्या मांजरांनी मिळून प्यायलं नसेल. लोकांच्या घरी दूध चुकून नासतं आणि मग हळहळ होते. आमच्या घरी ते मुद्दाम नासवलं जायचं आणि नासलं की आनंद व्हायचा. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला दूध शोधत होते, तर ही उंच, सडसडीत मुलगी पातेल्यात लिंबू पिळत उभी. "वहिनी, बघा, बघा! कसं खाली बसलं!" मला वाटलं, नव्या सुनेची परीक्षा घ्यायची या घरची ही रीत असावी. नंतर कळलं, की माझ्या नवऱ्याची ही बहीण गावातल्या एका प्रयोगशाळेत प्रथिनांवर संशोधन करते, दुधातलं केसीन हे प्रथिन हा तिचा विषय आहे, आणि त्या विषयापुढे चहा, सून, रीत या गोष्टींना तिच्या लेखी काही किंमत नाही. ती वयानं माझ्याएवढीच, पण नणंद म्हणून मी तिला ताई म्हणायची. प्रयोगशाळेत वीज कमी आणि कुलपं जास्त, त्यामुळे निम्मं संशोधन आमच्या स्वयंपाकघरात चाले.

ताईला एका जागी बसता यायचं नाही. जेवायची ती ताट हातात घेऊन, चुलीपासून अंगणापर्यंत येरझाऱ्या घालत. सासूबाई कावायच्या, "आगं, खाली टेक की! भात बी चालत-चालत खायलीस. पायाला भिंगरी हाय का काय?" त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "माय, बसलं की सुचत नाही." एसटीच्या स्टँडवर तर तिच्याबरोबर थांबणं म्हणजे शिक्षाच. गाडी येईना म्हटलं की ती सेलूच्या रस्त्यानं चालू लागायची. "येईल मागून, घेईल आपल्याला." गाडी मागून यायची आणि धूळ उडवत पुढे निघून जायची. ताईला त्याचं दुःख नसे. तेवढ्या चालण्यात तिनं एखाद्या प्रयोगाची जुळणी मनातल्या मनात केलेली असायची. मी मात्र पिशवी, थर्मास आणि चपलेचा तुटलेला अंगठा सांभाळत मागं.

कुणाच्याही घरी गेलो की माणसांची विचारपूस नंतर, आधी म्हशीची. कितव्या वेताची, काय खाते, धार कशी आहे. तिला बघायला सोनपेठकडची मंडळी आली होती. मुलगा शाळेत मास्तर, चांगला शांत. घरचं म्हणून त्यांनी किटलीभर दूध आणलं होतं. आत पोह्यांना फोडणी पडेपर्यंत ताई किटली घेऊन परसात गेली, आणि बाहेर आली ती पोह्यांऐवजी पांढरा गोळा बशीत घेऊन. "तुमच्या म्हशीत केसीन फार चांगलं आहे हो," ती थेट मुलाला म्हणाली. तो बिचारा लाजला. त्याची आई मात्र सासूबाईंकडे वळून म्हणाली, "पोरगी गुणाची हाय तुमची, पर तिला आमचं पोरगं न्हाई, आमची म्हैस पसंत पडायली." चहा कोराच झाला आणि स्थळही कोरंच परत गेलं. ताईनं त्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि पुन्हा दूध लागलं तर आणाल का, असं विचारलं.

तिला काय हवं होतं ते मला पुष्कळ दिवस कळलंच नाही. एकदा तिनं शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन समजावलं. प्रथिन म्हणजे असा लांब दोरा. तो ठरलेल्या पद्धतीनं दुमडतो, त्याची घडी बसते, आणि त्या घडीमुळे त्याला काम करता येतं. घडी नाही तर काम नाही, असं पुस्तकात लिहिलेलं. घडी बघायची तर आधी प्रथिनाचे स्फटिक करायचे, खडीसाखरेसारखे. ताई केसीनचे स्फटिक करायच्या मागं लागली होती. त्यासाठी गारवा हवा, शांतता हवी. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे पाण्याच्या माठाखालची ओली वाळू. त्या वाळूत तिनं झाकणं लावलेल्या इवल्या बाटल्या पुरल्या आणि आमच्या घराचा दवाखाना झाला. पाय आपटायचा नाही, दार लावायचं नाही, पाणी घेताना माठ हलवायचा नाही. शेजारीण मिरच्या कुटायला बसली, तर ताई तिच्या उखळाखाली घालायला आमची गोधडी घेऊन गेली. रेल्वेची गाडी गेली की मात्र तिचा नाइलाज व्हायचा. ती नुसती रुळांच्या दिशेनं बघत राहायची.

आणि एके दिवशी स्फटिक आले! चमचमणारे, चौकोनी, देखणे. ताईनं मला मिठी मारली, भावाला मिठी मारली, उखळवाल्या शेजारणीलासुद्धा मारली. गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून आली ती पाय ओढत.

"वहिनी, मीठ निघालं."

"कसलं मीठ?"

"आपलं, खायचं. पाण्यात मी घातलं होतं तेच गोठून वर आलं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मग वाया कामून घालवतीस? वरणात टाकते."

ताई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

स्फटिक मिळेनात म्हणून तिनं केसीनचे पातळ पापुद्रे करायला घेतले. काचेवर ओतून वाळवायचे, ग्लिसरीन घालून मऊ करायचे. भाजलेल्या जखमेवर झाकण म्हणून पुढेमागे ते वापरता येतील, अशी तिची आशा. खिडकीच्या काचा, आरसा, माझ्या लग्नातल्या फोटोची चौकट, सगळीकडे दुधाची कातडी वाळत पडलेली. माझ्या हातावर तेल उडालं, तेव्हा मी ओरडायच्या आत तिनं एक पापुद्रा आणून चिकटवला. आग थांबली, हे खरं. पण मग माश्यांना माझा पत्ता लागला. पावसाळी हवेत त्या पापुद्र्याला असा वास सुटला, की नवरा उशी घेऊन ओसरीवर गेला. ताई रोज माझा हात नाकाशी नेऊन गंभीरपणे म्हणायची, "सुधारणा आहे."

मग एकदा अंगणात फिरता-फिरता ती थबकली. "वहिनी, समजा, त्याला ठरलेली घडी नसलीच तर? समजा, ते सुटं राहतं, म्हणूनच दुधातला चुना, म्हणजे कॅल्शियम, धरून ठेवता येतो त्याला?" मला त्यातलं काय कळणार? मी म्हटलं, "असेल की." तेवढ्या पाठिंब्यावर ती दूरच्या शहरात परिषदेला गेली आणि हे सगळं तिनं मोठमोठ्या शास्त्रज्ञांपुढे मांडलं.

परत आली तेव्हा सासूबाई ज्वारी निवडत होत्या. ताईनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाली, "अध्यक्ष म्हणाले, बाई, तुम्हाला घडी दिसत नाही कारण तुमचा नमुना अशुद्ध आहे."

सासूबाईंचा हात सुपातच थांबला. "अशुद्ध? कोणाला म्हणला त्यो?"

"दुधाला, माय."

"नीट ऐकलंस का?"

"दुधालाच."

सासूबाईंनी सूप पुन्हा हलवायला घेतलं. विद्यापीठाच्या नामांतराचा पहिला ठराव झाला तेव्हा आमच्या लोकांच्या वस्त्या पेटवल्या होत्या, आणि सासूबाईंच्या माहेरचं घर त्यात गेलं होतं. आमच्या घरात तो शब्द नुसत्या दुधापुरता ऐकणं कुणाला जमणार नव्हतं.

मग ताईनं चंगच बांधला. वेगवेगळ्या गावचं, वेगवेगळ्या जनावरांचं दूध आणायचं, पुन्हा-पुन्हा धुऊन शुद्ध करायचं, आणि तरीही घडी नसते हे दाखवायचं. बर्फाचा थर्मास गळ्यात अडकवून आम्ही दोघी एसटीनं हिंडलो. चारठाण्याची देवळं बघायला लोक लांबून येतात. ताईनं त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही, कारण देवळामागं गोठा होता. सेलूला कापसाच्या जिनिंगमधल्या हमालांनी आम्हाला लस टोचणाऱ्या बाया समजून पळ काढला. नामांतराच्या मोर्चांचे ते दिवस. गावागावांत मनं तापलेली. सोनपेठच्या अलीकडच्या एका गावात एका बाईनं चरवी भरायला घेतली आणि सहज विचारलं, "कोणाच्या तुमी?" ताईनं सरळ सांगितलं. बाईचा हात आखडला. "दूध न्हाई आज. रेडकू पेलं समदं."

"बरं," ताई म्हणाली. "म्हशीला जपा."

गाडीत ती खिडकीबाहेर बघत उभीच होती. म्हणाली, "म्हैस चांगली होती हं, वहिनी." थोड्या वेळानं, बाहेरच बघत, "रेडकू लांब बांधलेलं होतं."

मी थर्मास तिच्या गळ्यातून काढून माझ्या मांडीवर घेतला.

पुन्हा परिषद आली. ताई पुन्हा गेली. अध्यक्ष तेच. या खेपेला नमुन्यात खोट काढायला जागाच नव्हती, तेव्हा त्यांनी विचारलं, "मग याचा आकार आहे कुठे?" ताई म्हणाली, "नाही, सर. आकार ठरलेला नाही आणि काम चालू आहे." त्यांना काही ते पटलं नाही. पण जेवणाच्या सुट्टीत दक्षिणेकडच्या एका प्रयोगशाळेच्या बाई तिच्याशी बोलत राहिल्या. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. स्फटिक न करताच पाण्यातलं प्रथिन त्यात तपासता यायचं. "या," म्हणाल्या, "आमच्याकडे करू."

ताईनं ते घरी सांगितलं आणि मग नको म्हणायची कारणं शोधत बसली. माय एकटी पडेल, भाषा येत नाही, तिकडच्या म्हशी माहीत नाहीत. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी एकटी कामून पडते? सून हाय, ल्योक हाय. तू जा. आन् त्या अध्यक्षाला सांग, दूध परभणीचं हाय म्हणावं." रेल्वेच्या डब्याच्या दारात उभी राहून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत मला पापुद्रे कसे गुंडाळून ठेवायचे ते ओरडून सांगत होती. ठरलेली घडी नसलेली प्रथिनं असतात, आणि पुष्कळ असतात, हे पुढं जगानंच मान्य केलं. त्यात ताईचं नाव मोठ्या अक्षरांत कुठं आलं नाही. ती तोवर रेशमातल्या प्रथिनाच्या मागं लागली होती.

ती गेल्यावर आमचं दूध नीट तापायला लागलं. साय यायला लागली. कुणाच्याच घशाखाली ती उतरेना.

ती गेली त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, विद्यापीठाला नाव मिळाल्याची बातमी आली. आमचे हे आधी कुरकुरले, "नामविस्तार म्हणायलेत, नामांतर न्हाई," आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गल्लीत निळे झेंडे लागले, ढोल आले. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं हाक मारली, ताईचा फोन आहे म्हणून. सासूबाई पदर सावरत धावल्या. "पोरी, झालं गं! नाव झालं!" पलीकडून काहीच येईना. "आगं, ऐकायलीस का?" त्यांनी घाबरून फोन माझ्या हातात दिला.

मला आधी तिचा श्वास ऐकू आला. मग हळू आवाजात ती म्हणाली, "ऐकायलेय, वहिनी. तुम्ही बोलू नका. ढोल वाजतोय ना? फोन जरा बाहेर धरा."

फोनची वायर उंबऱ्यापर्यंत पुरत नव्हती. मी पोत्यांवरून वाकून, हात जाईल तेवढा लांब करून, फोन गल्लीकडे धरून उभी राहिले.