हिरवा ठिपका

“लाल नको वहिनी, हिरवाच बरा. आपल्याकडच्या उन्हात लाल दिसतच न्हाई. हिरवा ठिपका छातीवर पडला ना, की माणूस जागच्या जागी गार!”

ठाण्याच्या व्हरांड्यात, माझ्या खिडकीला टेकून एक पुरुष हे बोलत होता. मी आत शस्त्रांच्या कपाटाजवळ किल्ली घेऊन बसले होते. पुढे काही वर्षांनी मी पोलीस सेवा सोडली. कारणं घरगुती होती, ती इथे सांगत नाही. पण त्या प्रकरणाचा विषय निघाला की अजूनही आधी हे वाक्य कानात वाजतं.

मी तेव्हा उपनिरीक्षक होते. आमच्या ठाण्याची हद्द नगर-पुणे रस्त्यावर सुप्याच्या कारखान्यांपर्यंत होती. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, त्यामुळे पंचनामा लिहिताना शब्द शोधावे लागत, आणि बोलायची मला मुळात सवय नाही. ठाण्यातले एक जुने हवालदार मला तोंडावर म्हणत, “मॅडम, बोलत जा की जरा. बोलण्यावर अजून टॅक्स बसला न्हाई.” मी हसून गप्प बसायची. गप्प माणसासमोर लोक जास्त बोलतात, एवढं मला कळून चुकलं होतं.

निवडणूक नुकतीच झाली होती. आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांनी आपली शस्त्रं ठाण्यात जमा करायची आणि नंतर सही करून परत न्यायची, असा रिवाज आहे. तो परतीचा दिवस होता. व्हरांड्यातली दोघं आत आली. बाई चाळिशीच्या आसपासची, साधी साडी, हातात मोठी पर्स. महामार्गावरचा एक पेट्रोल पंप तिचा होता. नवरा वारल्यावर तिने पंप आणि पिस्तुलाचा परवाना, दोन्ही रीतसर आपल्या नावावर करून घेतले होते. रोजचा भरणा घेऊन ती स्वतः बँकेत जायची, म्हणून पिस्तूल. सोबतचा पुरुष तिचा धाकटा दीर.

“मॅडम, लवकर द्या,” तो म्हणाला. “आज संध्याकाळीच पिस्तुलाला नेमाचा लेझर बसवून टाकतो. बॉक्स घरी येऊन पडलाय. ऑनलाइन मागवला, लई भारी हाय.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. बाईने दाराकडे पाहिलं, पर्समधून पिस्तुलाचं रिकामं चामडी कव्हर काढलं, त्याचं बटण लावलं आणि परत पर्समध्ये ठेवलं.

“मॅडम, मी आज पिस्तूल नेत न्हाई,” ती हळू आवाजात म्हणाली. “नेलं की भाऊजी आजच तो दिवा बसवतील. मला अजून ठरवायचंय. दोन-चार दिवसांनी एकटी येते.”

तिने मला विचारलं, “तुमी असता तर लावला असता का?”

“नियम बघून सांगते,” मी म्हटलं.

ती गेली. दिराने पर्सच्या तोंडातून डोकावणारं कव्हर पाहिलं आणि समाधानाने गाडी काढली. पिस्तूल कपाटातच राहिलं. हे त्या बाईला आणि मला, दोघींनाच माहीत होतं.

खरं सांगायचं तर मला संशय दिराचा आला नाही, बाईचा आला. तो जे होतं ते मोठ्याने बोलत होता. ती मात्र माझ्यासमोर, अगदी सराईतपणे, घरच्या माणसाला फसवून गेली होती. आपलंच शस्त्र पोलिसांकडे ठेवून कोण जातं?

तरी विचारलेलं शोधून काढायचं म्हणून मी दोन फोन केले. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लिपिकाने सांगितलं, शस्त्राला काहीही जोडायचं तर आधी लेखी विचारायचं. न विचारता जोडलं तर परवाना अडचणीत येऊ शकतो. दुसरा फोन मुख्यालयातल्या शस्त्रागारात. तिथले जमादार म्हणाले, “मॅडम, अडचणीच्या जागेतून नेम धरायला बरं पडतं. पण ठिपका आणि गोळी एका जागी पडतील असं जुळवून घ्यावं लागतं. सेल संपतात. जुन्या कव्हरात पिस्तूल बसत न्हाई. आणि हात हलला की ठिपका दुप्पट हलतो.”

शेवटच्या वाक्यावर मी फोन जरा जास्त वेळ कानाला धरून ठेवला. गोळीबाराच्या सरावात मी नेहमी सगळ्यात कडेची जागा घ्यायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद केली आणि मला वाचून दाखवली. पंपावरची बाई पिस्तुलाला हिरवं लेझर लावून गिऱ्हाइकांच्या अंगावर धरते, काल दुपारी एका टेम्पोवाल्यावर धरलं, पोलीस झोपलेत का?

काल दुपारी ते पिस्तूल माझ्या कपाटात होतं.

फोन खोटा, असं कुणीही म्हणेल. माझं मन तिथे थांबलं नाही. बाईकडे दुसरं, बिनपरवान्याचं पिस्तूल असलं तर? मग परवान्याचं पिस्तूल ठाण्यात ठेवून जाण्याचा अर्थ स्वच्छ लागत होता. काही झालंच तर ती म्हणणार, माझं शस्त्र तर तुमच्याकडेच आहे! त्या रिकाम्या कव्हराचं बटण लावणारी बोटं मला पुन्हा दिसली.

एका महिला शिपायाला घेऊन मी पंपावर गेले. बाई ऑफिसात बसली होती. “लेझर कुठे आहे?” मी विचारलं. तिने टेबलाचा खण उघडून बॉक्स पुढे सरकवला. आत ते होतं, अंगठ्याएवढं, काळं. ट्रिगरच्या कडीला आवळून नळीखाली बसवायचं. स्क्रूची पुडी सीलबंद. सेलपुढची प्लॅस्टिकची पट्टी अजून ओढलेली नव्हती. ती ओढल्याशिवाय दिवा लागतच नाही. म्हणजे हे एकदाही लागलं नव्हतं.

“बाकीची झडती घ्यायची आहे,” मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. “घ्या. कपाट बघा, गादी उचला, शेजारची खोली बघा. मी तुमच्यावर भरवसा ठेवून पिस्तूल तुमच्याकडं ठेवलं, आणि तुमी माझीच झडती घेताय.” आम्ही सगळं पाहिलं. काही सापडलं नाही. निघताना ती म्हणाली, “तुमी सगळं विचारता मॅडम, सांगत मातर काहीच न्हाई.”

ठाण्यात येऊन मी आमच्या निरीक्षक साहेबांना सगळं सांगितलं. पिस्तूल, कव्हर, बॉक्स, पट्टी, आणि खिडकीबाहेर ऐकलेलं वाक्यही. कुणीही ऐकीव गोष्ट सांगताना ठिपका लालच सांगेल, सिनेमात तसाच असतो. फोनवरच्या माणसाला हिरवा माहीत होता.

साहेब एकेक बोट मोडत म्हणाले, “बाईवर गुन्हा नोंदवला गेला की पंपाच्या कंपनीला कळवणार. परवाना जाणार, पंपाची चौकशी लागणार. मग पंप सांभाळायला घरातला दुसरा माणूस पुढं येणार. बरोबर?”

“हो साहेब.”

“आत्ता कुणाला काही बोलू नका. फोन करणारा स्वतः येईल, त्याला घाई हाय. आणि गप्प राहायला तुम्हाला काय शिकवायचं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर आला. सोबत एक टेम्पो ड्रायव्हर, पाथर्डीकडचा, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. दीर हात जोडून म्हणाला, “साहेब, माझ्याच घरातली गोष्ट हाय, पण उद्या कुणाचा जीव गेला तर? मी तिथं नव्हतो. या गरिबावर बेतलं, म्हणून घेऊन आलो.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ड्रायव्हरला एकट्याला आत घेतलं.

“कधी झालं?”

“परवा. दुपारच्याला.”

“पिस्तूल पाहिलंस?”

“व्हय, ह्या डोळ्यानं. बाई म्हनली, डिझेल न्हाई, चालता हो. आन् हिरवा ठिपका हितं, छातीवर.”

“दिवा पिस्तुलाच्या कुठे होता?”

तो दाराकडे बघायला लागला. “वर,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “वरच हुता. टॉर्चवानी.”

मी त्याला तिथेच बसवलं आणि दिराला साहेबांच्या खोलीत विचारलं, “तुमचा माणूस म्हणतो, दिवा वर होता.”

“वर कसा असंल मॅडम? तो खाली बसतो, नळीच्या खाली.” हे बोलताना त्याला थोडा अभिमानच वाटत होता.

“तुम्ही बसवलेला पाहिलात?”

“म्हंजे... वहिनींनीच बसवून घेतला असंल ना.”

मी किल्ली घेऊन उठले, कपाट उघडलं आणि पिस्तूल आणून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. नळीखाली काहीही नव्हतं. त्याला जमा करतेवेळची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती.

दीर पिस्तुलाकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, “पण कव्हर तर पर्समधी हुतं! मी स्वतः बघितलं.”

“तेच बघून फोन केला का तुम्ही?” साहेबांनी विचारलं.

पुढचं फार लांबलं नाही. ड्रायव्हरने रडत सांगितलं की पंपावर कायमची नोकरी देतो म्हणून त्याला आणलं होतं. दीर आधी भांडला, मग “घरातलं घरात मिटवतो” म्हणाला, मग कबूल झाला. लेझर त्यानेच मागवलं होतं, बसवणार तोच होता आणि बसवलं म्हणून पोलिसांना कळवणारही तोच. त्या संध्याकाळी वहिनीने ‘मीच बसवून घेते’ म्हणून बॉक्स ठेवून घेतला, तेव्हा ती नेहमीप्रमाणे ऐकेल, असं त्याने गृहीत धरलं होतं. खोटी माहिती दिल्याबद्दल दोघांवर रीतसर कारवाई झाली.

बाई दोन दिवसांनी एकटी आली. पर्समध्ये कव्हर होतं, हातात तो बॉक्स. दिराची हकीगत तिला कळली होती. त्यावर ती एवढंच म्हणाली, “फोन केला त्या दिवशी बी माझ्या हातचं जेवून गेले हुते.” तिने सही केली. मी पिस्तूल तिच्यापुढे ठेवलं आणि झडतीबद्दल काही बोलावं म्हणून शब्द शोधू लागले. ते सापडले नाहीत, म्हणून मी नियम सांगितला. आधी अर्ज, मग लेखी परवानगी, मग बसवायचं.

“ते कळलं,” ती म्हणाली. “पण समजा परवानगी मिळाली. संध्याकाळी भरणा घेऊन निघते तवा मागं कोण येतंय का बघत जाते, ती भीती काय भाऊजींनी मनात घातलेली न्हाई. ती खरी हाय. मी त्या दिवशी नियम विचारला नव्हता मॅडम. तुमी लावला असता का, ते विचारलं हुतं.”

पोलिसाने संशय घ्यायचाच असतो, आणि मी तिच्यावर घेतला त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दुसरं पिस्तूल असतंच, तर त्याच संशयाने ते सापडलं असतं. पण संशय फिटल्यावर पोलिसाकडे काय उरतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ज्याच्यावरचा संशय फिटला त्याला काहीतरी परत द्यावं लागतं, नुसतं शस्त्र देऊन भागत नाही. तिने भरवसा ठेवला तेव्हा मी नियमाच्या आड बसले होते, आणि झडती घेतली तेव्हाही. आता आमच्या दोघींमध्ये टेबलावर ते पिस्तूल होतं आणि तो बॉक्स होता. जुने हवालदार शेजारी कागद लावत बसले होते, त्यांना ऐकू जाणार होतं. जाऊ दे म्हटलं.

“नसता लावला, ताई,” मी म्हणाले. “पिस्तूल धरलं की माझा हात थरथरतो. आजवर कुणाला सांगितलं नाही. तो ठिपका समोरच्याला आधी तेच सांगेल.”