डहाळी आत ठेवून दिलेलं मत

गल्लीतल्या मंडळींनो, दारावर निंबाची डहाळी बघून थबकला असाल, तर तिथूनच वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

माझ्या मुलीला कालपासून देवी आल्यात. घरात देवी असल्याची खूण म्हणून डहाळी कालच बांधली होती. आज मतदानाला जाताना मीच ती काढून आत ठेवली, कोणी अडवू नये म्हणून.

रांगेत गोदाकाकू आल्या. त्यांच्या नातवालाही देवी. पण त्यांनी डहाळी लपवली नव्हती. लोक ओरडले. सगळ्यात मोठा आवाज माझा: "घरात देवी अन् इथं कायले आल्या? गल्ली मारता काय?"

"मी दूर उभी रायतो, बाबू. सर्वाइचं झालं का मंग मत देतो."

कोणी ऐकलं नाही. त्या परत गेल्या. मी मत दिलं.

रांगेत माझ्या मागेपुढे होतात त्यांनी उद्याच देवीची लस टोचून घ्या. डहाळी पुन्हा बांधली आहे.

मघाशी मी निंबाच्या पाल्यानं वारा घालत होतो, तेव्हा मुलीनं विचारलं, "बाबा, बोटाले काय लागलं?"

"मत दिल्याची शाई."

"मंग गोदाआजीलेही लावली असन?"

सांगा, तिला काय उत्तर देऊ?