मधल्या पट्ट्यातल्या मेंढ्या

साहेबांनी जीप थांबवायला लावली आणि कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांकडं बोट केलं.

"हे काय चाललंय?"

"चराई, साहेब."

"कुरण आपण राखायला घेतलंय. चरायला नाही."

ही एकाहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडची गोष्ट. मी तेव्हा कर्जत तालुक्यात वनखात्याचा रेंज ऑफिसर होतो आणि साहेब म्हणजे नगरहून पाहणीला आलेले माझे वरिष्ठ. मिरजगावच्या बाजूला खात्याचं मोठं कुरण होतं. पश्चिमेला डांबरी रस्ता, पूर्वेला धनगरांची एक वाडी. वर्षानुवर्षं वाटेल तेव्हा जनावरं घालून त्या माळाची पार खरवड झाली होती. मी तिथं आल्यावर रस्त्यापासून वाडीकडं कुरणाचे तीन पट्टे पाडले. एका वेळी एकाच पट्ट्यात चराई, बाकीचे दोन बंद. पवन्या आणि मारवेल ही आमच्याकडची चांगली गवतं. बी धरायच्या आत खाल्ली की ती संपतात आणि मागं नुसती कुसळं उरतात. पण कधीच खाल्ली नाहीत तर जून होऊन काडीसारखी वाळतात. म्हणून ही पाळी; तेव्हा ती मधल्या पट्ट्याची होती.

मी हे सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पुस्तकात ठीक आहे. पण उद्या वरचे कोणी आले आणि मेंढ्या दिसल्या, तर मी काय सांगू? या आठवड्यात बाहेर काढा."

जीप नगरकडं निघून गेली. मी चालत धोंडिबाकडं गेलो. वाडीतल्या मेंढरांची पाळी तोच सांभाळायचा. त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

"काढायच्या म्हंजी? कुटं नेऊ? चारा आता घाटाकडंच." तो म्हणाला. "तुमीच म्हनला, पाळी पाळा. आमी पाळली. भावकीतल्यांशी वाकडं घेतलं त्याच्यापायी."

त्याची बायको गजराबाई वाघरीत कोकरं पाजत होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिनं वर न बघताच विचारलं, "सायब, ही कोकरं चालतील का घाटापत्तूर?"

दोन-चार दिवस थांबा, एवढंच म्हणालो. साहेबांना पुन्हा भेटायचं मनात होतं.

त्याआधीच आग लागली.

भर दुपारी रस्त्याच्या कडेनं धूर दिसला. विडी कुणी टाकली, कळलं नाही. रस्त्यालगत आमची जाळरेषा होती. आग आत शिरू नये म्हणून उन्हाळ्याआधी गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, त्याला जाळरेषा म्हणतात. पण त्या दिवशी पश्चिमेचा वारा होता. ठिणग्या रेषा ओलांडून पहिल्या पट्ट्यात पडल्या. तिथं कमरेएवढं वाळलेलं गवत. माणूस धावेल त्यापेक्षा आग जोरात निघाली.

मी, माझे दोन गार्ड आणि वाडीतली माणसं कडुलिंबाच्या डहाळ्या घेऊन धावलो. जवळ जाता येईना. भुवया होरपळल्या. मागं पाहिलं तर गजराबाई आणि दोन बाया कोकरं पाट्यांत घालून ओढ्याकडं नेत होत्या. वाडीतली छपरं गवताची होती. मला तेव्हा खरी भीती वाटली.

"मधल्या पट्ट्यात या!" धोंडिबा ओरडला. "हितं खायाला काय न्हाई तिला!"

आम्ही मागं सरलो. धूर दिसल्यावर मेंढ्या तिथूनच हाकलल्या होत्या. गवत बोटभर उरलं होतं. ज्वाळा तिथं आल्या आणि घोट्याएवढ्या झाल्या. मग आम्ही त्या डहाळ्यांनी झोडपल्या. दिवस कलायच्या आत आग विझली. पहिला पट्टा गेला. तिसरा पट्टा आणि वाडी वाचली.

धोंडिबा कोकरं परत आणायला ओढ्याकडं गेला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. काळ्या जमिनीवरून चालत मधल्या पट्ट्यापर्यंत गेले. बुटानं राख उकरून पाहिली. आग कुठं थांबली ते स्वच्छ दिसत होतं.

"आग मेंढ्यांमुळं थांबली असं वर सांगायचं नाही," ते म्हणाले. "जाळरेषेमुळं थांबली म्हणायचं."

"बरं. पण मेंढ्यांचं काय? बाहेर काढू?"

ते जीपमध्ये बसले. "कशाला? आतसुद्धा एक जाळरेषा लागेलच की. ती खाऊन मोकळी कोण ठेवणार, तुम्ही?"

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. वरून हुकूम आला आणि कुरण सगळ्यांना खुलं झालं. बघता बघता माळ बोडका झाला, आमची पाळीही मोडली. पण पट्ट्यांना विसावा मिळाला होता, त्यामुळं मुळं जिवंत होती. पाऊस परतला तेव्हा मारवेल तिथं आधी फुटली. धोंडिबानं मला न विचारता पुन्हा पट्टे पाडले.

नोकरीत मी बरीच कुरणं पाहिली. नुसत्या कुंपणानं राखलेलं एकही टिकलेलं पाहिलं नाही. आणि साहेबाला पटवायचं असेल, तर त्याला वर सांगता येईल असं कारण आधी शोधून ठेवावं.