कथिलाचा थर

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी ओतूरच्या कॉलेजात प्रोजेक्टसाठी आम्हा दोघींची जोडी लागली. मी तळेघरकडची, ओतूरला खोली घेऊन राहायचे. ती जुन्नरची, रोज एसटीनं यायची. तिचे अब्बा तांब्यापितळेच्या भांड्यांना कथिलाची कल्हई करायचे. विषय होता काचेवर कथिलाच्या ऑक्साइडचा पातळ थर चढवून वायू ओळखायचा. घरीही कथील, इथंही कथीलच, म्हणून ती हसली होती.

तापलेल्या काचेवर आम्ही द्रावण फवारायचो. थर इतका पातळ, की काच तिरपी धरली तरच जांभळट झाक दिसे. दोन टोकांना तारा जोडून मीटर लावला. अमोनिया लागला की थराचा रोध उतरायला हवा होता. त्यासाठी तिनं अब्बांच्या दुकानातला नवसागर आणला. तो वाटीत चुन्यात कालवला की अमोनियाचा वास नाकाला झोंबायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, मीटर मात्र ढिम्म. दोन आठवडे असेच गेले.

मग एकदा ती म्हणाली, अब्बा थंड भांड्याला कधीच कथील लावत नाहीत, आणि आपण मोजताना काच थंडच ठेवतोय. दुसऱ्या दिवशी तिनं घरून इस्त्री आणली. ती उलटी ठेवून वर काच ठेवली, वाटी जवळ नेली, आणि आकडे भराभर उतरले. वाटी हटवली, तसे सावकाश पुन्हा चढले. सरांनी कारण सांगितलं. गरम थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. अमोनियाची त्या ऑक्सिजनशी क्रिया झाली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज सहज वाहते.

त्याच संध्याकाळी स्टँडवर तिनं सांगितलं, लग्न ठरलंय, सुरतेला. परीक्षेच्या आधीच.

"वर्ष तरी संपू दे म्हणावं," मी म्हणाले.

"सांगून पाहिलं गं. नाय ऐकलं."

तेवढ्यात जुन्नरची गाडी लागली आणि ती चढली.

तोंडी परीक्षा मी एकटीनं दिली. इस्त्रीची कल्पना कुणाची, असं परीक्षकांनी विचारलं. मी तिचं नाव सांगितलं, तर म्हणाले, बोलवा त्यांना.

तिचं एक पत्र आलं. माझी नंतरची पत्रं परत आली. मंचरच्या कॉलेजात नोकरी लागल्यावर मी जुन्नरला गेले, तर अब्बांच्या गाळ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारचा म्हणाला, स्टीलपुढं कल्हई कोण करतंय, समदी लेकीकडंच गेली. पत्ता त्याला ठाऊक नव्हता.

आता मीच वर्गात कथिलाच्या थराचा हा धडा शिकवते. शिकवताना तोंडून "आम्ही" निघून जातं. आम्ही म्हणजे कोण, असं अजून एकाही मुलीनं विचारलेलं नाही.