हात लावायचा नाही

आंबिवलीत काळुरामच्या अंगणात पत्र्याची एक शेड आहे. गेल्या गणपतीनंतर तिच्या दारावर त्याने एक पुठ्ठा टांगला आणि त्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलं, 'हात लावायचा नाही'. कशाला ते लिहिलं नाही, आणि तिथेच फसला. आपल्याकडे असा पुठ्ठा दिसला की माणूस आधी आत डोकावतो, मग कशाला नाही म्हणून विचारतो, आणि विचारता विचारता बोट लावून मोकळा होतो.

आत तारेला टांगली होती एक इलेक्ट्रिक गिटार. म्हणजे नुसतं तिचं धड. दांडी नाही, तारा नाहीत, फक्त दुधासारखा पांढरा रंग दिलेलं लाकूड. ती होती डोंबिवलीच्या उत्तराताईंची. बँकेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी साठाव्या वर्षी गिटार शिकायला घेतली होती आणि सोसायटीच्या दिवाळी पहाटेला त्या ती वाजवणार होत्या. भाच्याची पोपडे उडालेली जुनी गिटार त्यांनी काळुरामकडे सोपवली आणि वसुबारसेला घ्यायला येते म्हणून सांगून गेल्या.

काळुरामने वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं लाकडी कपाटांना लॅकरचा चकचकीत रंग मारला. कारखाना बंद पडला, पण हात गप्प बसेनात. ठाण्याच्या एका वाद्यवाल्याने सहज म्हणून एक गिटार आणून दिली, ती आरशासारखी चमकली, आणि मग गिटारी येतच राहिल्या. खरं तर कामाची गरज नव्हती. भातशेतीच्या जागेवर बिल्डिंग उभी होती आणि म्हातारपणाची सोय झाली होती. मुलाचं, कमलेशचं म्हणणं एवढंच, की बाबांनी आता घासाघाशी थांबवावी आणि शेड पाडून गाडी लावायला जागा द्यावी. रोजच्या कटकटीला वैतागून काळुराम एकदा सगळ्यांसमोर बोलून गेला, "माझ्या हातचं एक काम परत येऊ दे. त्या दिवशी हे पत्रे मीच उतरवतो."

कमलेशने ते वाक्य लक्षात ठेवलं. तेव्हापासून कोणाचीही गिटार गेली की तो विचारायचा, "काय बाबा, परत आली का?"

कमलेशला एक गोष्ट ठाऊक नव्हती. जन्मभर थिनरमध्ये बुडालेली काळुरामची बोटं वर्षभरापासून बधिर झाली होती. घासायचा पेपर खडबडीत आहे की झिजलाय हेसुद्धा त्यांना कळत नव्हतं. आणि हे काम तर सगळं बोटांचं. लॅकर पाणी मारून घासतात, आणि ओल्यावर डोळा हमखास फसतो. कुठे चढ राहिला, कुठे खळगा पडला, ते बोटच सांगतं. त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी शेडच्या जागी गाडी उभी असती.

लॅकरचा स्वभावही मोठा वाईट. वरून तासाभरात सुकतं आणि आतून महिनाभर ओलंच राहतं. तोवर त्याला टेकायचं नाही, दाबायचं नाही. पण शेजारचा चांगदेव आला आणि वाळवणातला पापड बघावा तसा अंगठा दाबून म्हणाला, सुकलंय की. सून समृद्धी फोटो काढायला आली आणि उजेडाकडे वळवताना काठाला चार बोटं उमटवून गेली. गॅसवाल्याचासुद्धा त्या गिटारीवर हक्क होता. काळुराम प्रत्येकावर खेकसायचा, आणि प्रत्येक जण एकच म्हणायचा, फक्त बघितलं. या लोकांचे डोळे बोटांच्या टोकाला असतात की काय, असं त्याला वाटायचं.

तरी त्याने तेवीस दिवस काढले. चोविसाव्या दिवशी खंडेनवमी होती. घासायचा वॉटर पेपर आणि चकाकीचं कंपाउंड आणायला तो सकाळी कल्याणला गेला. दुपारी परतला तर कंप्रेसरला झेंडूची माळ, स्प्रेगनला हळदीकुंकू, आणि पांढऱ्या गिटारीच्या बरोबर मध्यावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक.

पूजा लक्ष्मीने केली होती. पस्तीस वर्षं संसार केलेली बायको. काळुरामने फडकं ओलं करून हलकेच पुसलं. कुंकू निघालं, पण रंग आत उतरला होता. पिशवी तिथेच टाकून तो मटकन स्टुलावर बसला.

"पुठ्ठा वाचला नाय तू?" त्याने विचारलं.

"वाचला ना. हात कुठं लावला मी? कुंकू लावला."

 काळुराम मग बरंच बोलला. पुन्हा रंग मारायचा तर पुन्हा महिना हवा, आणि दिवाळी तर तोंडावर आली. बाई गिटार परत करणार, कमलेश पत्रे काढणार, हे सगळं तो अंगणभर ऐकवत राहिला. लक्ष्मी गुन्हेगारासारखी उभी होती, पण सॉरी काही म्हणाली नाही. वसुबारसेला अजून दिवस होते. घासून जेवढं निघेल तेवढं काढायचं, दुसरा इलाज नव्हता.

लॅकर पुरतं बसायला आणखी आठ दिवस देऊन त्याने काम काढलं. बादलीत पाणी, पाण्यात साबणाचे दोन थेंब, रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळलेला पेपर. लाल डाग गुलाबी झाला. गुलाबी फिकट झाला. पण तो आत किती खोल गेलाय आणि वर लॅकर किती उरलंय, हे बोटं सांगेनात. एक हात जास्त पडला असता तर खालचं करडं प्रायमर उघडं पडलं असतं, आणि मग ब्रह्मदेवालाही झाकता आलं नसतं. वैतागून त्याने गिटारीला गाल लावून पाहिला. मग ओठ लावले. नेमका तेव्हाच कमलेश दारात आला आणि आल्या पावली परत गेला. काळुरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपार टळेपर्यंत तो तसाच बसून राहिला. बाहेर लक्ष्मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. भाकरी कुठे जाड, कुठे पातळ, हे ती न बघता बोटांनी ओळखायची. काळुराम दोनदा दारापर्यंत आला आणि दोनदा मागे फिरला. तिसऱ्यांदा तो ओरडलाच, "हात धुऊन ये."

ती पदराला हात पुसत उंबऱ्यावर थांबली. पुठ्ठ्याकडे बघितलं.

"ते मरू दे. हात लाव हिला," तो म्हणाला. "कुठं खोल लागतंय ते सांग."

तिने डोळे मिटले आणि त्या डागावरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. "हितं बशी झाली हाय," ती म्हणाली. "बाजूचा जरा उतरवा. मधी आता हात नका लावू."

त्याने बाजूचा उतरवला. तिने पुन्हा बोट फिरवलं, अजून एवढुसा म्हणाली. असं अंधार पडेपर्यंत चाललं. शेवटी ती बस म्हणाली. तांदळाच्या दाण्याएवढी गुलाबी छटा तरीही मागे उरली होती. काळुरामचा हात शिवशिवत होता. एकतीस वर्षांत त्याने डाग मागे ठेवून काम सोडलं नव्हतं. पण ती बस म्हणाली होती, म्हणून त्याने पेपर खाली ठेवला.

तेव्हा लक्ष्मीने त्याचा हात ओढून घेतला आणि बोटांची टोकं एकेक दाबून बघितली. त्याला काही कळत नव्हतं, हे तिला कळत होतं.

"उकळत्या चहाचा गलास धरून बसताव तवाच मना समजला," ती म्हणाली. "म्हणून तं कुंकू लावला. म्हटला, यांचे हात गेले, ही तरी नीट होऊ दे."

काळुरामला रागवायचं होतं. रागवायला चांगलं कारणही होतं. पण त्याने दुसरा हातही तिच्यापुढे धरला.

वसुबारसेला उत्तराताई आल्या. कंपाउंड मारून चमकवलेली, दांडी आणि तारा परत बसवलेली गिटार त्यांनी ट्यूबलाइटखाली धरली. ट्यूबची रेघ तिच्यात सरळ दिसत होती, कुठे वाकडी होत नव्हती. मग त्यांना तो गुलाबी दाणा दिसला. काळुरामने लपवलं नाही. खंडेनवमी सांगितली, कुंकू सांगितलं, आणि नको असेल तर परत ठेवून जा म्हणाला. लक्ष्मी दाराआड उभी होती.

उत्तराताईंनी त्या दाण्यावरून हळूच बोट फिरवलं. "लागत तर काहीच नाही," त्या म्हणाल्या आणि गिटार पिशवीत घातली.

ती परत आली नाही. कमलेश अजून गाडी रस्त्यावर लावतो आणि पोलीस उचलतात म्हणून रोज ओरडतो. शेडमध्ये आता एक काळी गिटार टांगली आहे. पुठ्ठा आहे तिथेच आहे. लक्ष्मी तिथून दिवसातून चार वेळा जाते, आणि प्रत्येक वेळी बोट लावून सांगते, अजून ओली हाय.

"अगं, महिनाभर ओलीच असणार ती," काळुराम कपाळाला हात लावून म्हणतो. "नको ना लावू हात."